अस्सल भाग कुठे टिकतात? जुन्या जर्मन गाड्यांच्या सुट्या भागांचा आढावा

पोर्शच्या ९५९ या गाडीत क्लच सोडवणारा एक छोटा लिव्हर असतो. मूळचा तो बिडाचा, ओतून केलेला. १९८० च्या दशकात ही गाडी अवघी २९२ बनली, त्यामुळे लिव्हर पुन्हा ओतायचा तर साच्याचा खर्चच भरून निघणार नव्हता. २०१८ मध्ये पोर्शच्या क्लासिक विभागाने तो थ्रीडी प्रिंटिंगने बनवल्याचं जाहीर केलं. पोलादाची बारीक पूड थरावर थर पसरायची आणि हवी तेवढीच जागा लेसरने वितळवत जायची, अशी ती पद्धत. तयार लिव्हरवर जवळजवळ तीन टनांचा दाब देऊन पाहिला, आत कुठे भेग नाही ना याची टोमोग्राफीने तपासणी केली आणि गाडीला बसवून रस्त्यावर चाचणीही घेतली.

एका लिव्हरसाठी एवढी खटपट होते. मग लाखोंनी खपलेल्या, १९७० च्या दशकातल्या एखाद्या ओपेल रेकॉर्डच्या मागच्या दिव्याची लाल काच मिळवताना मालकाचा जीव का मेटाकुटीला येतो? गाड्या कमी बनल्या म्हणून भाग दुर्मीळ, हा सरळ हिशोब जर्मन गाड्यांच्या बाबतीत वारंवार खोटा ठरतो. माझ्या समजुतीप्रमाणे भाग दोन ठिकाणी टिकतात. गाडी फार महाग झाली तिथे, नाहीतर गाडी फार वर्षं राबत राहिली तिथे. या दोन्हींच्या मधे सापडलेल्या गाड्या पोरक्या होतात, आणि जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी खरी काळजी त्यांचीच करायला हवी.

आधी ‘अस्सल’ म्हणजे काय ते पाहायला हवं, कारण बाजारात सर्वांत जास्त फसवणूक याच शब्दाच्या आडून होते. जर्मन कारखाने गाडीतले कित्येक भाग स्वतः बनवत नव्हते. इग्निशन आणि इंधनाची इंजेक्शन यंत्रणा बॉशची, डॅशबोर्डवरची घड्याळं व्हीडीओची, दिवे बॉशचे किंवा हेलाचे, ब्रेक आटेचे, क्लच फिख्टेल उंड झाक्सचा, पिस्टन मालेचे, रेडिओ बेकरचा किंवा ब्लाउपुंक्टचा. म्हणून एकच भाग दोन खोक्यांत सापडतो. एकावर मर्सिडीजचा तारा असतो, दुसऱ्यावर फक्त पुरवठादाराचं नाव, आणि किंमतीत मोठा फरक. दोन्ही एकाच कारखान्यातून निघालेले असू शकतात. याशिवाय कंपनीने अलीकडे पुन्हा काढलेला भाग असतो, क्लबने पैसे जमवून करून घेतलेला असतो, कुठल्यातरी वर्कशॉपने नुसतं पाहून केलेली नक्कल असते आणि मोडीत निघालेल्या गाडीतून उतरवलेला जुना भागही असतो. मोडीतला भाग हा यातला सर्वांत अस्सल, हे नवख्या माणसाला पटायला वेळ लागतो. व्हीडीओच्या घड्याळाच्या पाठीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ओटो फुक्स या कारखान्याने घडवलेल्या पोर्शच्या चाकांवर तारखेचा शिक्का असतो. काचेवरच्या खुणेतूनही काळ काढता येतो. १९६७ च्या गाडीला १९७३ चं चाक लावलं की दुरून काहीच खटकत नाही, पण जाणकार वाकून मागची बाजू पाहतो.

म्हणून शोधाची सुरुवात बाजारात होत नाही, कागदावर होते. कंपनीचं जुनं पार्ट्स कॅटलॉग आणि गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली याची नोंद, हे दोन कागद हाताशी असले की निम्मं काम झालं. मर्सिडीजच्या बाबतीत ही नोंद म्हणजे डेटा कार्ड. रंग, कातडं, इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा नंबर, मागवलेल्या खास सोयी, सगळं त्यात असतं. भागाचा नंबर वाचता येणं हीसुद्धा एक विद्या आहे. मर्सिडीजमध्ये पहिले तीन आकडे बहुधा गाडीची किंवा इंजिनाची मालिका सांगतात. ‘पॅगोडा’ म्हणून ओळखली जाणारी १९६३ ते १९७१ मधली एसएल म्हणजे मालिका ११३. या गाडीचा तळ आणि सस्पेन्शन त्या काळच्या साध्या ‘फिनटेल’ सलूनवरून घेतलं होतं. साहजिकच पॅगोडाच्या कॅटलॉगमध्ये ११० किंवा १११ ने सुरू होणारे नंबर पुष्कळ भेटतात. ज्याला हे ठाऊक आहे तो तोच भाग सलूनच्या मोडीतून पॅगोडाच्या किंमतीच्या काही अंशात मिळवतो. सुरुवातीच्या पोर्श ३५६ मध्ये ब्रेक, स्टिअरिंग, गिअरबॉक्स यांत बीटलचा वारसा होता. चार सिलिंडरच्या पोर्श ९१४ चं इंजिन फोक्सवागन ४११ च्या घराण्यातलं. दोन्हीकडे हेच लागू पडतं. फोक्सवागनचे नंबरही बोलके आहेत. १११ किंवा ११३ दिसलं की बीटल, २११ म्हणजे बस, १४१ किंवा १४३ म्हणजे कारमान घिया.

आता महाग गाड्यांकडे वळू. मर्सिडीजने १९९३ मध्ये श्टुटगार्टजवळ फेलबाखला क्लासिक सेंटर उघडलं. बीएमडब्ल्यूचा क्लासिक विभाग २०१६ पासून म्युनिकमध्ये, कंपनीचा पहिला कारखाना जिथे होता त्याच आवारात आहे. फोक्सवागन, आउडी, पोर्श, सगळ्यांचे असे विभाग आहेत. पंखासारखी दारं उघडणारी ३०० एसएल १९५४ ते १९५७ या काळात १,४०० बनली. तिचे बाहेरचे पत्रे मर्सिडीजने नव्याने काढले, आणि त्यासाठी मूळ बॉड्यांची मापं घेऊन साचे केले. पत्रा साच्यावर दाबून झाला तरी शेवटची गोलाई हातानेच आणावी लागते. याच गाडीच्या आतल्या आरशाचा पाया आता थ्रीडी प्रिंटिंगने मिळतो.

बीएमडब्ल्यू ५०७ ची गोष्ट याहून रंगतदार आहे. अडीचशेच्या आसपास बनलेल्या या गाड्यांपैकी एक एल्व्हिस प्रेस्लीने जर्मनीत लष्करी नोकरीत असताना घेतली होती. पुढे ती अमेरिकेत गेली, तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स निघून गेले आणि ती वर्षानुवर्षं कॅलिफोर्नियात भोपळे साठवायच्या एका गोदामात पडून राहिली. बीएमडब्ल्यू क्लासिकने तिचं नूतनीकरण करून २०१६ मध्ये ती लोकांपुढे आणली. इंजिन सुट्या भागांतून नव्याने उभं केलं. दारांचे हँडल आणि काचा वरखाली करायच्या मुठी थ्रीडी प्रिंट करून घेतल्या. इथे मनात एक प्रश्न उरतो. त्या इंजिनाला ‘मूळ’ म्हणायचं का? लिलावाच्या बाजारात चासीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळणं याला फार मोल आहे आणि त्या निकषावर हे इंजिन बसत नाही. पण भाग तेच, रचना तीच, आणि काम त्याच कंपनीच्या देखरेखीखाली झालेलं. माझ्या लेखी ते प्रामाणिक काम आहे, कारण काय नवीन आणि काय जुनं हे कोणीही लपवलेलं नाही. खोट तिथे असते जिथे दुसऱ्याच इंजिनावरचा नंबर घासून हवा तो नंबर ठोकला जातो.

महाग गाड्यांतही सगळंच पैशाने सुटतं असं नाही. मर्सिडीज ६०० मध्ये काचा, सीट, डिकीचं झाकण हे सगळं तेलाच्या दाबावर चालतं. विजेची मोटर नाही, त्यामुळे आवाजही नाही. या जाळ्यातला एखादा व्हॉल्व्ह गळायला लागला तर तो दुरुस्त करणारे हात जगात मोजकेच आहेत. पोर्शच्या जुन्या चार-कॅमच्या कॅरेरा इंजिनाचं टायमिंग लावायला मुरलेल्या माणसालाही तासन्‌तास लागतात. १९६८ ते १९७७ या काळातल्या बहुतेक ९११ गाड्यांचं क्रँककेस मॅग्नेशियमचं. उष्णतेने ते वाकतं आणि त्यातले लांब स्टड आटे सोडून बाहेर येतात. नंबर त्याच केसवर कोरलेला असल्यामुळे ते फेकता येत नाही. आट्यांच्या जागी पोलादी इन्सर्ट बसवून त्यालाच जपावं लागतं. इथे दुर्मीळ आहे तो कारागीर.

दुसरं टोक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे कोणी जतन करायचं म्हणून काही जपलं नव्हतं. गाडी रोज लागत होती, म्हणून तिचे भाग बनत राहिले. बीटल हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. जर्मनीत तिचं उत्पादन जानेवारी १९७८ मध्ये एम्डेनला थांबलं, पण मेक्सिकोत पुएब्लाला ती जुलै २००३ पर्यंत निघत होती. ब्राझीलने १९८६ मध्ये बंद केलेली बीटल १९९३ मध्ये पुन्हा सुरू करून १९९६ पर्यंत चालवली आणि तिथल्या कोंबी व्हॅनला हवेने थंड होणारं इंजिन २००५ पर्यंत होतं. बीटलचा एकूण आकडा २,१५,२९,४६४. म्हणून आजही बीटलचं पिस्टन, क्लच, ब्रेकचं सिलिंडर शोधायला फार धावाधाव करावी लागत नाही. पण मेक्सिकोची गाडी ही शेवटच्या काळातली. मागची काच दोन तुकड्यांत असलेली १९५३ पर्यंतची बीटल किंवा तिच्यानंतरची, अंडाकृती काचेची १९५७ पर्यंतची बीटल घ्या. तिचे दिवे, स्विच, बाहेर उघडणारे बाणासारखे इंडिकेटर यांना पुएब्लाचा काडीचा उपयोग नाही. जगात सर्वांत जास्त बनलेल्या गाड्यांपैकी एक असूनही तिची सुरुवातीची पिढी पोरकीच.

या टोकाला पुण्याचं एक मोठं देणं आहे आणि आपल्याकडेच त्याची फारशी चर्चा होत नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, डाइमलर-बेंझच्या परवान्याखाली ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं २.४ लिटर डिझेल इंजिन बनवलं. टेम्पो ट्रॅव्हलर, ट्रॅक्स अशा गाड्यांतून ते गावोगावी पोचलं. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतल्या २४० डी मध्ये याच घराण्यातलं इंजिन होतं. जर्मनीत ती मालिका १९८० च्या दशकाच्या मध्यावर संपली. पण आपल्याकडे तिच्या इंजिनाचा भाऊबंद घाटांत वऱ्हाडं वाहत राहिला, त्यामुळे गॅस्केट, लायनर, बेअरिंग यांचा पुरवठा पुढेही चालू राहिला. जुन्या २४० डी च्या मालकाला इंजिनाच्या पोटातल्या भागांसाठी श्टुटगार्टच्या आधी आकुर्डी आठवायला हवी. कंपनीने वेळोवेळी बदल केलेले असल्यामुळे नंबर आणि माप पडताळल्याशिवाय काही घेऊ नये, हे मात्र खरं. टेम्पोची कथा याहून जुनी आहे. हांबुर्गच्या फिडाल उंड झोन या कंपनीशी सहकार्य करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली. ती जर्मन कंपनी पुढे दुसऱ्याच्या हातात गेली आणि नामशेष झाली. तिच्या तीनचाकीची हिंदुस्थानी वंशावळ मात्र कित्येक दशकं चालली. मूळ गावी विसरलेली गोष्ट दूरच्या कारखान्यात जिवंत राहते ती अशी.

ट्राबांटची कथा थोडी वेगळी. पूर्व जर्मनीत त्स्विकाऊला ३० लाखांहून जास्त ट्राबांट बनल्या. तिथे सुट्या भागांचा कायम तुटवडा असे, म्हणून जो भाग दिसेल तो लोक घरी साठवून ठेवत. ३० एप्रिल १९९१ ला उत्पादन थांबलं, लोकांनी पश्चिमेच्या गाड्या घेतल्या आणि त्या साठवलेल्या भागांनी भरलेली गॅरेजं मागे उरली. टंचाईतून झालेला तो साठा पुढच्या पिढीतल्या हौशी मालकांच्या कामी आला.

आता मधल्या गाड्या. ब्रेमेनची बोर्गवार्ड कंपनी १९६१ मध्ये बुडाली. तिची इझाबेला त्या काळी दोन लाखांवर खपली होती. कंपनीच नाही म्हणजे क्लासिक विभाग नाही, कॅटलॉग छापणारं कोणी नाही. ब्रेमेनमधल्या त्याच झेबाल्ड्सब्र्युकच्या जागेवर आज मर्सिडीजचा कारखाना आहे. इझाबेला आजही रस्त्यावर दिसते ती क्लबांमुळे. मालक पैसे जमवतात, रबराचा किंवा पत्र्याचा एखादा भाग शंभर-दोनशेच्या संख्येने करून घेतात, आणि संपला की पुन्हा नावनोंदणी सुरू होते. एनएसयूची रो ८० (१९६७ ते १९७७, सुमारे ३७ हजार) आउडीच्या पंखाखाली आली, म्हणून तिला थोडा आधार मिळाला. तिच्या वांकेल इंजिनातल्या रोटरच्या टोकावरच्या सील लवकर झिजत, म्हणून अनेक मालकांनी वैतागून फोर्डचं व्ही ४ इंजिन बसवून घेतलं. तेव्हा काढून टाकलेली इंजिनं आज कोणी मागितली तर कुठून आणायची?

पण सर्वांत वाईट अवस्था ओपेल, फोर्ड टाउनुस, आउडी १०० अशा १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या घरगुती सलूनची आहे. त्या महाग कधीच झाल्या नाहीत, त्यामुळे साचे पुन्हा काढणं कोणाला परवडत नाही. कुठल्या दूरच्या देशात त्यांचं उत्पादन बीटलइतकं रेंगाळलंही नाही. शिवाय त्यांच्या आतला ऐवज प्लॅस्टिकचा. लेथवर पितळी बुशिंग कातता येतं, जस्ताच्या ओतीव हँडलवरचे खड्डे भरून नवं क्रोम चढवता येतं, तडकलेला डॅशबोर्ड मात्र कातता येत नाही. सीटचं मूळ कापड विणणारे माग बंद झाले. दाराच्या पट्टीला धरून ठेवणारी छोटी क्लिप तुटली की पट्टी लोंबकळते, आणि ती क्लिप ज्याच्या डब्यात असेल तो तिचं मोल ओळखून असतो.

यातच जर्मनीत मागणी वाढते आहे. तिथे १९९७ पासून ३० वर्षांहून जुन्या, चांगल्या आणि बऱ्याच अंशी मूळ स्थितीतल्या गाड्यांना ‘एच’ अक्षराचा नंबर मिळतो. कारला वर्षाला सपाट १९१ युरोंच्या आसपास कर भरावा लागतो आणि शहरांतल्या प्रदूषण-बंदीच्या भागांतही मोकळीक मिळते. तपासनीस गाडीचं मूळपण पाहतो, म्हणून त्या काळातला भाग शोधावा लागतो. या शोधाची मोठी जत्रा म्हणजे वर्षातून दोनदा भरणारा फेटेरामा बाजार. वसंतात तो होकेनहाइमला भरतो आणि ऑक्टोबरात मानहाइमला. पहाटे उजाडायच्या आत हातात टॉर्च घेऊन लोक फिरतात, कारण चांगला माल पहिल्या तासांतच जातो. तिथे जायचं तर भागाचा नंबर आणि तुटलेला जुना नमुना सोबत हवा. वर्णन करून भाग मिळत नाही, नमुन्याशेजारी ठेवून मिळतो.

एका बाबतीत सावध करायला हवं. कधीही न वापरलेला, खोक्यातला जुना माल म्हणजे सोनं, ही समजूत धातूच्या भागांपुरती बरोबर आहे. रबर न वापरताही म्हातारं होतं. चाळीस वर्षं खोक्यात राहिलेला ब्रेकचा होज किंवा सील दिसायला नवा असतो, पण तेलाच्या दाबाखाली आला की फुगतो, फाटतो. तो अस्सल म्हणून गाडीला लावणं हा जिवाशी खेळ आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांत मूळपणाचा हट्ट सोडून आजच्या मिश्रणाचं चांगलं रबर घ्यावं, यावर माझ्या मनात तिळभर संशय नाही.

यापुढची कोंडी विजेच्या सर्किटांची असणार आहे. बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक ही इंधन इंजेक्शनची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा फोक्सवागन १६०० मध्ये आणली. पुढे ती मर्सिडीजमध्ये आणि पोर्श ९१४ मध्येही आली. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या तिच्या सेन्सरच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची कागदासारखी पातळ चकती असते. ती वर्षानुवर्षं थरथरत राहते आणि शेवटी तडकते. मग इंजिन भरमसाठ पेट्रोल पिऊ लागतं आणि काळा धूर सोडतं. नवा सेन्सर बॉश आता बनवत नाही. काही हौशी तंत्रज्ञांनी ती चकती स्वतः बनवून सेन्सर पुन्हा जोडायची पद्धत बसवली आहे, आणि आज बऱ्याच गाड्या त्यांच्याच कृपेने चालतात. डी-जेट्रॉनिक निदान सुट्या ट्रान्झिस्टरांची. हातात सोल्डरिंग आयर्न असलेल्या माणसाला ती समजते. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय मध्ये मोट्रॉनिक आलं तिथून पुढे इंजिनाचं सगळं ज्ञान चिपमध्ये गेलं. चिप मेली की वरून पाहून काहीच कळत नाही.

ही कोंडी आपल्या दाराशीही येऊन ठेपली आहे. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची डब्ल्यू १२४ जोडली जाऊ लागली. मुंबईत २०१४ पासून भरणाऱ्या मर्सिडीजच्या क्लासिक रॅलीत लोक जुन्या काळच्या ‘पाँटन’ सलून आणि पॅगोडा पाहायला जातात. पण पुण्यातच जोडलेल्या या गाड्या आता तीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्या बघता बघता भंगारात जात आहेत. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगचं आवरण काही वर्षांनी ठिसूळ होऊन गळून पडतं, तारा उघड्या पडतात आणि कंट्रोल युनिटलाही धोका होतो. अशी गाडी मालक मोडीत काढतो तेव्हा तिच्याबरोबर चांगले दिवे, लाकडी पट्ट्या, काचा, स्विच सगळं कवडीमोलाने जातं. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांच्या गल्ल्यांत वजनावर विकला जाणारा हा माल आजच नंबर लावून, पुसून, कोरड्या जागी ठेवायला हवा. त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. शहरातल्या पाच-सहा मालकांनी आणि एखाद्या जाणत्या मेकॅनिकने मिळून एक खोली घेतली तरी पुरे.

कंपन्यांकडून मात्र मोठी गोष्ट मागावी लागेल. जो भाग त्या पुन्हा कधीच बनवणार नाहीत, त्याचं ड्रॉइंग आणि मापं त्यांनी खुली करावीत. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत अपघाताची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खरा आहे. ते भाग वगळावेत. पण दिव्याची काच, डॅशबोर्डची पट्टी, दाराची क्लिप, सनरूफचं चाक यांनी कोणाचा जीव जात नाही. थ्रीडी प्रिंटरमुळे एकच नग बनवणंही आता अशक्य राहिलेलं नाही. अडतं ते अचूक मापांवर. ९५९ चा लिव्हर पोर्शला करता आला कारण त्याची मापं पोर्शकडे होती. टाउनुसच्या मालकाला तुटक्या तुकड्यावरून मोजत बसावं लागतं, आणि तो तुकडा आधीच आकसलेला, वाकलेला असतो. बोर्गवार्डच्या वेळी कंपनीच उरली नव्हती, म्हणून हे मागायचं कोणाकडे हा प्रश्न होता. ओपेल, फोर्ड, आउडी आज आहेत, त्यांची दप्तरं आहेत, आणि ज्यांनी त्या गाड्या आखल्या त्यांतली काही माणसंही अजून आहेत.